कंबर आणि खाट

वेचणी भरात आली की घरातले एक तरी माणूस कंबर धरते. मग कोणीतरी सांगतो, आठ दिवस खाट सोडू नका. आठ दिवसांची मजुरी बुडते, दुखणे तिथेच.

हा सल्ला तपासून झाला आहे. हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस झोपवले, काहींना व्यायाम दिला, बाकीच्यांना सोसेल तेवढे रोजचे व्यवहार करू दिले. हिंडतेफिरते राहिलेले आधी सावरले, झोपवलेले सर्वांत मागे. कोण कोणत्या गटात, हे नशिबावर सोपवले होते. ही रीत मुळात आपल्याच धंद्यातली. रोथॅमस्टेडच्या वाफ्यांवर फिशरने ती १९२० च्या दशकात रूढ केली.

गोळीचेही तसेच. ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्ण, निकाल २०१४ चा. पॅरासिटामॉल घेणारे निम्मे १७ दिवसांत बरे, खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत!

पण नगरपालिकेतली नोकरी आणि दिवसभर वाकून निंदण एक नव्हे. म्हणून मायबहिणींनो, चालत्याफिरत्या राहा. फवारणीचा पंप आणि कापसाचे गाठोडे मात्र काही दिवस दुसऱ्याच्या पाठीवर द्या. पाय लुळा पडला, लघवी अडली, ताप आला किंवा पडल्यामुळे दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

बियाण्यासाठी वाफे पाडतात, तशीच चिठ्ठ्या टाकून वेचणीच्या झोळ्यांची आणि उभ्याने निंदायच्या अवजारांची चाचणी कृषी विद्यापीठांनी आपल्या बायांच्या हाती देऊन घ्यावी. उतारा क्विंटलात नको, कंबरदुखीच्या दिवसांत मोजावा. हा ठराव जिल्हा बैठकीत येईल.