छतावर सोलर आहे, मग लाईट गेल्यावर फॅन का बंद?

मे महिन्यातली दुपार. अंबाजोगाईहून मामांचा फोन. "अरे, लाईट गेली आणि आपलं सोलर पण बंद पडलं. ऊन तर एवढं कडक आहे! कंपनीवाल्याला बोलावू का?"

बोलावून काही उपयोग नव्हता, कारण काहीच बिघडलं नव्हतं. मामांनी पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. बिल जवळपास शून्यावर येतं, हे खरं. पण "आता लाईट गेली तरी टेन्शन नाही" हे मामांनी स्वतःच गृहीत धरलं होतं, आणि विकणाऱ्यानेही ते खोडून काढलं नव्हतं.

आपल्या बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. (२०१५ मध्ये पाणीच नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं, तो दुष्काळ आठवत असेल.) पण तिथली वीज थेट परळीच्या घरात येत नाही, आधी ग्रिडमध्ये जाते. तुमचं छतही तसंच एक छोटं वीज केंद्र आहे. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडचा व्होल्टेज बघून त्याच्या तालावर चालतो. ग्रिड गेली की तो काही क्षणांत स्वतःला बंद करतो, आणि मुद्दाम करतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. त्याच्याशी जुगाड करायला जाऊ नका.

यात दुहेरी तोटा आहे. ३ किलोवॅटचं सोलर भर दुपारी तासाला साधारण दोन युनिट बनवतं. दोन तास लाईट गेली तर घरात फॅन नाही आणि वर चार युनिट पण गेले. म्हणजे जिथे लाईट जास्त जाते, तिथे बिलाचं गणितही थोडं कच्चं निघतं.

मग पर्याय काय? नवीन बसवत असाल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. अनुदान सोलरच्या भागावरच मिळतं, बॅटरीचा खर्च आपला. पण हे आधीच ठरवा, नंतर बॅटरी जोडू म्हटलं तर बहुतेक वेळा इन्व्हर्टरच बदलावा लागतो.

मामांसारखं सोलर आधीच बसलं असेल तर साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, वीस-पंचवीस हजारांत काम होतं. ही बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर (१२ गुणिले १५०). पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो, त्यामुळे हातात येतात साधारण ८५०. दोन साधे फॅन १४० वॅट, चार एलईडी ३६, राउटर १०. साडेचार तास. तेच फॅन बीएलडीसी घेतले तर दोन्ही मिळून ६० वॅट, आणि वेळ जातो आठ तासांवर! दुसरी बॅटरी घेण्याआधी फॅन बदला, एवढंच माझं म्हणणं.

फक्त वायफायची चिंता असेल तर एवढंही नको. हजार-दीड हजाराचा राउटरचा मिनी यूपीएस काही तास सहज काढतो. मोबाईल डेटावर फार विसंबू नका, लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते.

मामांनी बीएलडीसी फॅन आणि इन्व्हर्टर घेतला. आता गल्लीत कुणी सोलरची चौकशी केली की ते त्याला सांगतात, विकणाऱ्याला म्हणा, "तुम्ही आधी बसवलेल्या एखाद्या घरी घेऊन चला आणि भर दुपारी मेन स्विच बंद करून दाखवा."