विश्लेषण : ७२ सेकंद की दीड तास? संगमनेरच्या हुशार मुलांना कोणते गणित हवे?

संगमनेर तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत डोकावा, वर्गात असे एखादे मूल सापडतेच. बाई फळ्यावर उदाहरण पुरे लिहीपर्यंत त्याचे उत्तर तयार असते. मग त्याला सांगितले जाते, 'गप्प बस, बाकीच्यांचे होऊ दे.' नाहीतर, 'झाले? मग पुढची वीस सोडव.' दोन्ही वेळा त्याच्या पदरात नवे काही पडत नाही. दोन-तीन वर्षांत ते कंटाळते आणि 'आधी हुशार होता, आता लक्ष नाही' असा शेरा येतो. अशा मुलांसाठी तालुक्याच्या गावात काय करता येईल, याचा हा आढावा.

शिष्यवृत्तीची तयारी पुरेशी नाही का?

राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेने खेड्यापाड्यांतल्या मुलांना मोठा आधार दिला आहे. जिल्हा परिषदेचे अनेक शिक्षक त्यासाठी शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेतात, त्याची किंमत कमी लेखता कामा नये. पण परीक्षेची घडण पाहा. एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. समोर चार पर्याय. इथे वेग आणि सराव यांची कसोटी लागते.

आता दुसरे टोक. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस रोज साडेचार तासांचा पेपर असतो आणि प्रश्न रोज फक्त तीन. एका प्रश्नाला सरासरी दीड तास. पर्याय नाहीत. उत्तर बरोबर का, हे सिद्ध करून दाखवावे लागते. ७२ सेकंदांची सवय लागलेल्या मुलाला दहा मिनिटे उत्तर सुचले नाही, की 'मला येत नाही' असे वाटू लागते. खरे तर गणित तिथून सुरू होते.

कठीण गणित म्हणजे पुढच्या वर्गाचे गणित का?

पालकांचा हा नेहमीचा गैरसमज. सहावीच्या मुलाला नववीची सूत्रे पाठ करायला लावली, तर ते पुढे गेल्यासारखे दिसते, पण विचार तेवढाच राहतो. हवा असतो तो खोल प्रश्न. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेला ६१७४ हा अंक आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, त्यातून लहानात लहान वजा करा आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली, तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचता येते.

इथपर्यंत गंमत झाली. पुढे आव्हान. तीन अंकी संख्येचे काय होते? ४९५ येते. का येते? उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येते, मधल्या अंकाचा त्यात काही संबंध राहत नाही आणि म्हणून फक्त नऊच शक्यता तपासायच्या उरतात, हे सातवीचे मूल दोन ओळींच्या बीजगणिताने स्वतः दाखवू शकते. दोन अंकी संख्येत मात्र एका अंकावर थांबणे नाहीच, ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. असा एक प्रश्न आठवडाभर पुरतो आणि त्याला लागते फक्त वही-पेन्सिल.

सोयी आहेत, पण कुठे?

मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिम्पियाडचे राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ऑलिम्पियाडचे मार्गदर्शन करते, तर १९६२ मध्ये सुरू झालेली ज्ञान प्रबोधिनी प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणासाठीच ओळखली जाते. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये उतरतो आणि २०२४ मध्ये चार सुवर्णपदकांसह चौथा आला.

पण संगमनेरच्या मुलाने दर रविवारी पुण्याला जायचे, तर एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी आणि थकवा, हे सगळे धरावे लागते. मुलगी असेल तर अनेक घरांत विषय तिथेच संपतो. त्यात चांगले साहित्य बहुतांशी इंग्रजीत. गुणवत्ता असूनही मूल मागे पडते ते इथे.

आधी सगळ्यांना भागाकार येऊ दे, हा आक्षेप योग्य का?

आक्षेप गंभीर आहे. देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार जमत नाही, हे 'असर'च्या अहवालांतून वारंवार दिसले आहे. पण एकाला शिकवण्यासाठी दुसऱ्याला थांबवण्याची गरज नाही. कापरेकरांच्या खेळात कच्च्या मुलाचा वजाबाकीचा सराव होतो आणि पुढच्या मुलाला सिद्धता शोधावी लागते. तास एकच, काम दोघांना.

संगमनेरमध्ये काय करता येईल?

हंगेरीत १८९४ मध्ये दानिएल अरान्य या शाळाशिक्षकाने ग्योर या राजधानीबाहेरच्या गावातून मुलांसाठी गणिताचे मासिक सुरू केले. त्यात प्रश्न छापायचे आणि मुलांनी उत्तरे पाठवायची. पुढे त्या देशाने मोठमोठे गणिती दिले, त्यात या मासिकाचा वाटा मानला जातो.

आपल्याकडे १९६१ पासून महाविद्यालय आहे, १९८३ पासून अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे गणिताचे प्राध्यापक गावातच आहेत. महिन्यातून दोन शनिवारी दोन तासांचे 'गणित मंडळ' भरवता येईल. प्रवेशाला परीक्षा नको, ज्याला यायचे त्याने यावे. केंद्रशाळांच्या फलकावर आठवड्याला एक मराठी प्रश्न लावता येईल आणि तोच शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून वाडीवस्तीवरच्या शाळांत पोहोचेल. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही अशी मंडळे आणि प्रादेशिक भाषांतील ऑलिम्पियाड यांचा उल्लेख आहे. तो कागदावरून शाळेत आणण्यासाठी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाने पहिले पाऊल टाकायला हवे.

पालकांनीही एक करावे. मूल एकाच गणितावर तासभर अडले, तर लगेच उत्तर सांगू नये आणि क्लासची बॅगही भरू नये. 'कुठपर्यंत आलास?' एवढेच विचारावे. कापरेकरांकडे विद्यापीठातली नोकरी नव्हती, होती फक्त शाळामास्तरकी आणि वही. संगमनेरकडे त्याहून बरेच जास्त आहे.