उघडी वाट आणि अडलेलें पाऊल

"दार उघडें आहे, ज्याला यावयाचें त्यानें यावें, न यावयाचें त्यानें घरीं बसावें." समतेचा प्रश्न निघाला म्हणजे सुशिक्षितांच्या बैठकींत जीं वाक्यें हटकून ऐकूं येतात, त्यांत ह्या वाक्याचा मान बराच वरचा आहे. वाक्य दिसण्यांत निष्पाप आहे. त्यांत कोणाचा द्वेष नाहीं, कोणास मनाई नाहीं. आणि म्हणूनच तें अधिक घातक आहे असें आमचें मत आहे. कारण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलें, त्याच्या न येण्याचा दोष तें अलगद त्याच्याच माथीं मारतें.

ह्या वाक्याचा समाचार घेण्यास निमित्त झाला आहे अमेरिकेंतील एक वाद. वरवर पाहतां तो अगदीं क्षुल्लक. सार्वजनिक वाटेवर फिरावयास जाण्यासंबंधीचा. परंतु क्षुल्लक वादांतच माणसांचीं खरीं मतें उघडीं पडतात, असा आमचा अनुभव आहे.

अमेरिकेंत १९१६ च्या सुमारास लोहमार्गांची लांबी अडीच लाख मैलांवर गेली होती. पुढें मोटारी आल्या, विमानें आलीं, मार्ग तोट्यांत गेले, आणि हजारों मैलांवरचे रूळ उखडले गेले. मागें उरलेल्या मोकळ्या पट्ट्यांवरून पादचाऱ्यांसाठीं व सायकलस्वारांसाठीं वाटा करण्याची कल्पना निघाली. विस्कॉन्सिन संस्थानांतील एलरॉय ते स्पार्टा ही ३२ मैलांची, तीन बोगद्यांतून जाणारी वाट ह्या प्रकारांतील अगदीं आरंभींची. १९८३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि बंद पडलेला मार्ग पुढेंमागें आगगाडीस लागल्यास परत घेतां यावा अशा बोलीनें वाटेसाठीं राखून ठेवण्याची सोय झाली. आज अशा वाटांची एकंदर लांबी २५ हजार मैलांच्या वर आहे. तिकडे त्यांस 'रेल-ट्रेल' म्हणतात. आपण येथें 'रूळवाट' म्हणूं.

ह्या रूळवाटेचा एक गुण ध्यानांत घेण्याजोगा आहे. आगगाडीच्या इंजिनास मोठा चढ सोसत नाहीं. शंभर फुटांत दोन-तीन फुटांहून अधिक चढ येऊं नये म्हणून बांधणारांनीं डोंगर आला तर पोखरला आणि दरी आली तर तीवर पूल घातला. त्याचें फळ आज असें मिळतें कीं, चाकांच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य, गुडघे धरलेली आजी आणि बाबागाडींतलें मूल हीं तिघें एकाच वाटेनें जाऊं शकतात. डोंगरमाथ्याकडे जाणारी पायवाट धडधाकटांची असते. रूळवाट मात्र रचनेनेंच सर्वांची आहे. आणि तरीहि तिच्यावर सर्व दिसत नाहींत! कृष्णवर्णीय थोडे दिसतात, मेक्सिकोकडून आलेलीं कुटुंबें थोडीं दिसतात, अपंग त्याहून थोडे दिसतात. ही उणीव भरून काढावी ह्या हेतूनें तेथील कांहीं मंडळ्यांनीं सामुदायिक सहली काढण्याचा उद्योग आरंभिला. कृष्णवर्णीयांना निसर्गाकडे नेणारी 'आउटडोअर ऍफ्रो' ही संस्था २००९ सालीं निघाली, 'लॅटिनो आउटडोअर्स' २०१३ सालीं. 'गर्लट्रेक' ही कृष्णवर्णीय स्त्रियांना नित्य चालावयास लावते. असेच मेळावे जागोजाग रूळवाटांवरहि भरूं लागले आहेत.

आक्षेपकांचा राग ह्या सहलींवर आहे. त्यांचें म्हणणें असें: वाट सर्वांस खुली आहे, वृक्षांस माणसाचा वर्ण दिसत नाहीं, मग अमक्यांची सहल, तमक्यांची सहल, असे कप्पे कशाला? हा उलट्या दिशेनें केलेला भेदच नव्हे काय? जानेवारी २०२५ मध्यें तेथील अध्यक्षांनीं सरकारी कारभारांतील सर्वसमावेशकतेचे कार्यक्रम बंद करणारीं आज्ञापत्रें काढल्यापासून ह्या आक्षेपास राजमान्यतेचें बळ आलें आहे. तेव्हां त्याचा विचार नीट केला पाहिजे.

'वाट खुली आहे' ह्या म्हणण्याचा अर्थ तपासण्यासाठीं आम्ही एकच ठिकाण घेतों. व्हर्जिनिया संस्थानांत प्रिन्स एडवर्ड नांवाचा परगणा आहे आणि फार्मव्हिल हें त्याचें मुख्य गांव. ह्या गांवांतून ३१ मैलांची एक सुंदर रूळवाट जाते. तीवर ऍपोमॅटॉक्स नदीवरचा 'हाय ब्रिज' आहे. लांबी २४०० फुटांहून अधिक, उंची सुमारें १२५ फूट. मार्ग बंद पडल्यावर रेल्वे कंपनीनें जागा संस्थानास दिली, आणि २०१२ सालीं पूल लोकांस चालण्यासाठीं खुला झाला. आज त्यावर कोणीहि जावें. अडविणारा कोणी नाहीं.

परंतु ह्याच परगण्याची दुसरी हकीकत ऐका. १९५० सालीं येथें सरकारनें एक उद्यान 'निग्रोंसाठीं' म्हणून वेगळें उघडलें, आणि तेंहि खुशीनें नव्हे. दुसऱ्या एका सरकारी उद्यानांत प्रवेश नाकारलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थानें न्यायालयाची पायरी चढल्यावर हें शहाणपण सुचलें. गोऱ्यांचें उद्यान एका तळ्याकाठीं, काळ्यांचें शेजारच्या तळ्याकाठीं. तीं दोन उद्यानें एक होण्यास १९७६ साल उजाडलें. १९५१ च्या एप्रिलांत ह्याच फार्मव्हिलमध्यें बार्बरा जॉन्स ह्या सोळा वर्षांच्या मुलीनें आपल्या शाळेच्या दुर्दशेविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. त्यांतून उभा राहिलेला खटला १९५४ च्या त्या प्रसिद्ध निकालांत सामील झाला, ज्यानें शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. परगण्याच्या कारभाऱ्यांनीं त्यावर काय करावें? १९५९ सालीं त्यांनीं सगळ्या सार्वजनिक शाळांनाच कुलपें ठोकलीं! गोऱ्या मुलांसाठीं खाजगी शाळा निघाली. काळीं मुलें पांच वर्षें रस्त्यावर. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कान धरला तेव्हां कुठें शाळा उघडल्या.

ज्या मुलांचीं तीं पांच वर्षें गेलीं, तीं आज सत्तरी ओलांडलेलीं आजी-आजोबा आहेत. आतां आमच्या आक्षेपक मित्रांनीं सांगावें: ज्या आजीला लहानपणीं तळें कोणतें आपलें आणि कोणतें परक्याचें हें जिवाच्या भीतीनें शिकावें लागलें, तिला एका सकाळीं 'आतां वाट खुली आहे' अशी पाटी दाखविली म्हणजे भागलें काय? भीति ही कायद्याच्या एका कलमानें घातली जात नाहीं आणि एका कलमानें निघतहि नाहीं. ती आईच्या तोंडून मुलीच्या कानीं जाते.

आणि ती भीति निव्वळ जुन्या आठवणींची आहे असेंहि नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत जॉर्जिया संस्थानांत अहमूद आर्बरी हा पंचविशींतला कृष्णवर्णीय तरुण दिवसाउजेडीं रस्त्यावरून धांवत असतां तीन गोऱ्या इसमांनीं मोटारींतून त्याचा पाठलाग केला आणि त्यांतील एकानें त्याला गोळी घातली. पुढच्या वर्षीं तिघेहि खुनाबद्दल दोषी ठरले. त्याच २०२० च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या उद्यानांत पक्षी पाहणाऱ्या एका कृष्णवर्णीय गृहस्थानें एका बाईस कुत्रा बांधून ठेवण्यास सांगितलें, तर तिनें जिवास धोका असल्याची हाकाटी करून पोलिसांस बोलाविलें. सायकलीची गोष्ट घ्या. मेजर टेलर ह्या कृष्णवर्णीय सायकलपटूनें १८९९ सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें. परंतु अमेरिकेंतील सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघानें त्याआधींच, १८९४ सालीं, काळ्यांस सभासदत्व बंद केलें होतें, आणि तो ठराव विधिपूर्वक रद्द होण्यास १९९९ साल लागलें. वृक्षांस वर्ण दिसत नाहीं, हें कबूल. पण वाटेवर वृक्षच तेवढे भेटतात असें थोडेंच आहे!

हें सारें परदेशांतलें, त्याचें आपणांस काय, असें वाचकांनीं म्हणूं नये. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें, तेव्हांच हा संबंध जडला आहे. आणि उघड्या दाराची किंमत काय असते हें महाराष्ट्रास जितकें ठाऊक आहे तितकें क्वचितच कोणास असेल. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई इलाख्यांतील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनें त्याला अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर तळें उघडें होतें; पण अस्पृश्य मानलेल्या एकाहि माणसाची ओंजळ तेथवर पोंचली नव्हती. ती पोंचली २० मार्च १९२७ रोजीं, जेव्हां डॉ. आंबेडकर हजारों माणसांसह त्या तळ्यावर चालत गेले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांस मार बसला, तळ्याचें 'शुद्धीकरण' झालें, आणि हक्काचा अखेरचा निवाडा उच्च न्यायालयांतून १९३७ सालीं मिळाला. तेव्हां कोणी म्हणालें असतें, "तळें तर खुलेंच आहे, ज्याला तहान लागेल तो एकटा येईल, समुदाय कशाला?" तर त्या शहाण्यास आपण काय उत्तर दिलें असतें? ठराव कागदावर होतो. तो खरा करावा लागतो पायांनीं, आणि पहिल्या वेळीं तरी ते पाय पुष्कळ असावे लागतात.

आतां 'हा उलटा भेद आहे' ह्या आक्षेपाकडे वळूं. ह्यांत भिंत आणि काठी यांचा गोंधळ आहे. १९५० सालीं वेगळें तळें दिलें तें एकानें दुसऱ्याचें तोंड पाहूं नये म्हणून. आजची सहल त्याच वाटेवरून, त्याच वेळीं, सर्वांच्या देखत जाते. ती कोणाची जागा बळकावीत नाहीं. भिंत कायम राहावी म्हणून बांधतात. काठी सुटावी म्हणून धरतात. ज्या बाईनें मैत्रिणींसह पांच वेळां ती वाट तुडविली, ती सहाव्या वेळीं नातवास घेऊन एकटी येते, आणि तेथेंच त्या सहलीचें काम संपतें.

शिवाय एकटा कोण येतो? जीं गोरीं कुटुंबें त्या वाटेवर मोकळेपणानें हिंडतात, तींहि मित्रांबरोबर, मंडळाबरोबर, वडिलांनीं लहानपणीं दाखविलेल्या रस्त्यानेंच येतात. त्यांचाहि समुदाय असतो. तो बहुसंख्यांचा असल्यामुळें डोळ्यांत भरत नाहीं इतकेंच. आणि आमचे तिकडे गेलेले मुलगे, मुली, जांवई? कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीनें ढवळून काढलेल्या त्या काळांत, १९६५ सालीं, परदेशांतून येणारांविषयींचा कायदा बदलला, म्हणून त्यांस तो देश मोठ्या प्रमाणावर खुला झाला. तेथें ते महाराष्ट्र मंडळ काढतात, गणपति बसवितात, उन्हाळ्यांत उद्यानांत वनभोजनें करतात. फार चांगलें करतात! परक्या मुलखांत आपल्या माणसांबरोबर पाय मोकळा पडतो, हें त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. मग तेंच दुसऱ्यानें केलें म्हणजे 'कप्पे' कसे होतात, हें कोडें त्यांतील आक्षेपकांनीं आम्हांस उलगडून द्यावें.

तथापि अशी प्रत्येक सहल वंदनीय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वर्षांतून एकदां मोटारबस भरून मुलें आणावींत, त्यांच्या अंगांत एकसारखे सदरे घालावेत, छायाचित्रें काढावींत आणि अहवालांत छापावींत, हा उपकाराचा तमाशा आहे. त्यावर टीका करणारांच्या पंक्तींत आम्हीहि बसूं. खऱ्या सहलीच्या कसोट्या निराळ्या. पुढारीपण त्याच समाजांतल्या माणसाकडे आहे काय? गाडीभाड्याची सोय आहे काय? ज्याच्याजवळ सायकल नाहीं त्याला ती मिळते काय, आणि ज्याचे पाय चालत नाहींत त्याच्यासाठीं हातानें चालवावयाची सायकल आहे काय? वाटेवर बसावयास बांक आणि खुर्ची आंत जाईल एवढा शौचकूप आहे काय? जथा सर्वांत सावकाश चालणाराच्या चालीनें जातो काय? आणि मुख्य म्हणजे, पुढच्या महिन्यांत तो पुन्हां निघतो काय?

ह्याहून एक अवघड गोष्ट आहे, तीहि सांगितली पाहिजे. अटलांटा शहरांत जुन्या लोहमार्गांच्या २२ मैलांच्या वळशावर 'बेल्टलाइन' नांवाची वाट होत आहे. वाट सुंदर होतांच कडेच्या जागांचे भाव वाढले, आणि ज्यांच्या वस्तींतून ती गेली त्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांस तेथें राहणें कठीण होऊं लागलें. ज्यानें ही कल्पना १९९९ सालीं आपल्या विद्यापीठांतील प्रबंधांत मांडली, तोच रायन ग्रॅव्हेल परवडणाऱ्या घरांकडे होणाऱ्या दुर्लक्षामुळें २०१६ सालीं त्या कार्याच्या मंडळांतून बाहेर पडला. तेव्हां वाटेवर बोलवावयाचें आणि घरांतून घालवावयाचें, असा व्यवहार असेल तर सहलींनीं भागणार नाहीं. पण ह्यावरून निघतें तें इतकेंच कीं सहलींबरोबर घरांचाहि प्रश्न सोडविला पाहिजे. सहली बंद कराव्या असें कांहीं त्यांतून निघत नाहीं.

शेवटीं आपल्या घराकडे पाहूं. आमच्या महाविद्यालयांतून दरसाल गडकिल्ल्यांवर सहली जातात, आणि 'सर्वांस मोकळीक आहे' अशी सूचना फलकावर लागते. वर्गणी भरतां येत नाहीं म्हणून वसतिगृहांतील मुलगा अभ्यासाचें निमित्त सांगतो. मुलगी घरून परवानगी मिळणार नाहीं हें जाणून नांवच देत नाहीं. कुबडी घेणाऱ्या विद्यार्थ्यास "तुला उगाच त्रास" असें प्रेमानें सांगून मागें ठेवतात. कोणीहि कोणास अडविलेलें नसतें, आणि गडावर जाऊन पोंचतात तीं दरवर्षींचींच मुलें! ह्यावर उपाय करण्यास कायदा नको कीं मोठी देणगी नको. पुढच्या सहलीचें ठिकाण ठरवितांना सर्वांत मागें राहणाऱ्या विद्यार्थ्यास आधीं विचारावें, त्याला झेपेल तें ठिकाण निवडावें, त्याची वर्गणी बोभाटा न करतां भरावी, मुलीच्या घरीं जाऊन आईबापांशीं बोलावें, आणि मग फलकावर 'सर्वांस' हा शब्द लिहावा. तोंवर तो शब्द लिहिण्याचा आपणांस अधिकार नाहीं.