जोडीतला दुसरा बैल

परवा संध्याकाळी आमच्या बपेऱ्यात पारावर कबड्डीचा विषय निघाला. एक पोरगा म्हणाला, "पवन सेहरावतले २ कोटी ६० लाख! आबाजी, तुम्ही जनमभर मास्तरकी करून किती कमावले जी?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

मंडळी, खरं सांगतो, पहिल्यांदा मलाही तो आकडा खटकला होता. मग लक्षात आले, मास्तरच्या पगाराशी तुलना करणे म्हणजे हिशेब नव्हे, तो मत्सर झाला. भाव जास्त की कमी हे ठरवायचे तर माप दुसरे हवे.

ते माप आम्हा धानवाल्यांना ठाऊक आहे. बैलबाजारात एकच उमदा बैल पाहून भुललात आणि सगळे पैसे त्याच्यावर घातले, तर दुसऱ्या बैलाला काय उरणार? मग जुवाच्या एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला मरतुकडा. अशा जोडीने बांधीत चिखलणी होत नाही. दोष मात्र त्या उमद्या बैलालाच लागतो!

प्रो कबड्डीत नेमके हेच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला ५ कोटींचीच मर्यादा होती. तेलुगू टायटन्सने पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, म्हणजे अर्ध्याहून जास्त. दोनच दिवस आधी त्याच्या कर्णधारपदाखाली भारताने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले होते, त्यामुळे भाव चढणारच. हंगाम संपला तेव्हा टायटन्स २२ पैकी फक्त २ सामने जिंकून तळाला होते.

"मग पाहा, पैसे पाण्यात!" असे तुम्ही म्हणाल. थांबा. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख दिले. हेही जवळपास निम्मेच की! पण १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. फरक कशाने पडला? पलटणकडे अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी पोरे आधीपासून तयार होती. आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम तर कर्णधार होता. दुसरा बैल त्यांनी घरच्या गोठ्यात वाढवला होता.

आता उलटे पाहा. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. तो हंगामभर बाहेर, तरी संघ उपांत्य फेरीत पोचला. म्हणजे बाकीची जोडी धड होती.

म्हणून माझे मत असे: टायटन्सचा सौदा महाग पडला, पण पवन महाग नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोली त्याने लावली नव्हती. उरलेल्या पैशांत संघ कसा उभा करायचा हे मालकाने बघायचे असते.

आणि गुडघ्याचे म्हणाल तर माझा एक विद्यार्थी असाच चढाईला वाऱ्यासारखा जायचा. गावच्या सामन्यात गुडघा मोडला. बक्षीस होते एक स्टीलचा डबा. आज तो गिरणीत पोती उचलतो, पायऱ्या चढताना पाय ओढतो. त्याला कुणी भाव दिला नाही म्हणून त्याचा गुडघा स्वस्त होता काय? चार-दोन हंगामांच्या खेळात एखाद्याला कोटी मिळाले तर मिळोत बापडे.

असो. पारावरच्या त्या पोराला हे सगळे उद्या सांगणार आहे. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.