श्वास माझा, माल दुकानाचा

स्कूबा डायव्हिंगचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी नुकतंच असं प्रतिपादन केलं, की दुकानात शिकवणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रक्टरने आणि डाइव्हमास्टरने मास्कपासून फिन्सपर्यंत फक्त दुकानात विक्रीला असलेल्या ब्रँडचीच सामग्री अंगावर घातली पाहिजे. ज्याला हे मान्य नसेल त्याने दुसरं दुकान बघावं. प्रतिपादन म्हणायचं ते आपलं सभ्यतेपोटी. होतं ते फर्मानच. वर कारणं चार. विद्यार्थी इन्स्ट्रक्टरच्या अंगावर जे बघतो तेच विकत घेतो. सगळ्यांची सामग्री सारखी असली की पाण्याखाली गोंधळ होत नाही. दुकान चाललं तरच इन्स्ट्रक्टरचा पगार निघतो. आणि चौथं कारण, ज्यावर गृहस्थ स्वतःच खूश झालेले दिसले: हॉटेलातला आचारीच आपल्या हॉटेलात जेवत नसेल, तर गिऱ्हाइकाने तिथे का जेवावं?

आचाऱ्यापासूनच सुरुवात करू. आचारी हॉटेलात जेवतो, कबूल. पण त्याची सुरी त्याची असते. एखाद्या मुरलेल्या आचाऱ्याच्या सुरीला हात लावून बघा, काय ऐकायला मिळतं ते. मालकाने उद्या गल्ल्याशेजारी सुऱ्यांचं कपाट मांडलं म्हणून तो आपली सुरी फेकून कपाटातली उचलत नाही. मालकही तसं सांगत नाही, कारण संध्याकाळी चारशे पानं उठवायची असतात. रेग्युलेटर ही इन्स्ट्रक्टरची सुरी आहे. गृहस्थांना हे उमगलं नाही, कारण ते गल्ल्यावर बसतात. पाण्यात शेवटचे कधी उतरले, हे त्यांच्या पोटाच्या घेरावरून ताडणं मला शोभणार नाही.

डायव्हिंग न केलेल्या वाचकासाठी दोन शब्द. पाठीवर टाकी असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची, 11 लिटरच्या आसपासची, साधारण 200 बार दाबाने हवा भरलेली. तो दाब दोन टप्प्यांत उतरवून तोंडात श्वासापुरती हवा सोडतो तो रेग्युलेटर. अंगात जाकिटासारखं बीसीडी. त्यात हवा भरली की माणूस वर उचलला जातो, सोडली की खाली बसतो. मनगटावर खोली आणि वेळ यांचा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर. ही सामग्री बिघडली तर बाजूला उभं राहून विचार करायची सोय नसते. बाजूला पाणीच असतं.

‘नामांकित कंपन्यांचे रेग्युलेटर सगळे सारखेच, सगळे युरोपच्या ईएन 250 मानकात बसतात, मग आमचाच घालायला काय हरकत?’ असं गृहस्थ विचारतात. हरकत एवढीच, की हा प्रश्न त्यांच्यावरच उलटतो. सगळे सारखे असतील, तर तुमचाच घालण्याची सक्ती कशासाठी? आणि सारखे नसतील, तर कोणता घालायचा हे ज्याच्या तोंडात तो असणार त्याने ठरवायचं की ज्याच्या कपाटात तो पडून आहे त्याने?

आता सारखेपणा. हा मुद्दा ऐकायला फार समंजस वाटतो, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. एकाच ब्रँडची बीसीडी घ्या. एकाची हवा सगळीकडे गोल फिरते, दुसऱ्याची फक्त पाठीमागे भरते. एकात खाली राहण्यासाठी लागणारी शिशाची वजनं खिशात, दुसऱ्यात ती कमरेच्या पट्ट्यालाच लावावी लागतात. हवा संपलेल्या जोडीदाराला द्यायचा जादा रेग्युलेटर, ज्याला आम्ही ऑक्टोपस म्हणतो, तो एकाला पिवळ्या नळीवर छातीपाशी असतो, तर त्याच ब्रँडच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये तो बीसीडीत हवा भरायच्या नळीच्या टोकाशी, म्हणजे इन्फ्लेटरमध्येच, बसवलेला असतो. या दुसऱ्या रचनेत हवा मागणाऱ्याला आपल्या तोंडातला रेग्युलेटर काढून द्यायचा आणि आपण इन्फ्लेटरमधून श्वास घ्यायचा. म्हणजे ब्रँड एक, दुकान एक, आणि जीव वाचवायच्या कृती दोन. सारखेपणा आणायचाच असेल तर तो ऑक्टोपस कुठे लटकवायचा यात आणा. बोधचिन्ह सारखं करून काय साधणार?

खरी गोष्ट हातांची आहे. पहिल्याच समुद्री डाइव्हला आलेला विद्यार्थी 12 मीटरवर मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणून घाबरतो आणि वर धाव घेतो. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने बदलतो, त्यामुळे शेवटच्या 10 मीटरमध्ये फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते. त्याने श्वास रोखलेला असेल तर दीड-दोन मीटरची उसळीसुद्धा फुप्फुसाला इजा करू शकते. अशा वेळी इन्स्ट्रक्टरचा एक हात विद्यार्थ्याच्या बीसीडीला धरून त्यातली हवा काढत असतो. दुसऱ्या हाताने त्याला स्वतःच्या बीसीडीतली हवा सोडायची असते, नाहीतर दोघंही बुचासारखे वर जातील. त्या हाताने झडपेची दोरी कुठे शोधायची? उजव्या खांद्यावर, की मागे कमरेजवळ? गोळ्याची दोरी, की चपटी मूठ? डोळे विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर खिळलेले असतात, बघायला सवड नसते. पावसाळा नुकताच संपलेला असताना मालवणच्या पाण्यात कधी कधी बघायची सोयही नसते. हाताला आधीच माहीत असेल तरच तो तिथे पोहोचतो, आणि हाताला ते माहीत होतं एकच सामग्री वर्षानुवर्षं वापरून. गृहस्थांचा ब्रँड काही कुलदैवत नाही. वितरकाने मार्जिन कमी केलं की पुढच्या हंगामात दुकानात दुसराच ब्रँड येतो. मग इन्स्ट्रक्टरने हात पुन्हा शिकवायचे?

वजनाचंही तसंच. वेटसूट बदलला, बीसीडी बदललं, की किती शिसं बांधायचं याचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की हलकी होऊन वर ओढायला लागते. डाइव्हच्या शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, नेमकं तिथे चुकलेलं वजन उघडं पडतं. स्वतःलाच खाली दाबून ठेवण्यात गुंतलेला इन्स्ट्रक्टर चार नवशिक्यांना काय सांभाळणार?

आणि कॉम्प्युटर! इथे तर फर्मान निव्वळ अडाणीपणाचं आहे. शरीरात किती नायट्रोजन मुरला हे कॉम्प्युटर मोजत नाही. खोली आणि वेळ यांवरून गणिताने अंदाज बांधतो, आणि तो अंदाज फक्त त्याच यंत्राच्या पोटात असतो. सकाळी दोन डाइव्ह केलेल्या इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर दुपारी ‘नवीन मॉडेल आलंय, जरा घालून दाखव’ म्हणून दुकानातला कॉम्प्युटर बांधला, तर त्या कॉम्प्युटरच्या लेखी तो आज पाण्यात उतरलेलाच नसतो. तो उदारपणे वेळ देत राहतो, आणि रक्तातला नायट्रोजन आपला हिशोब वेगळा ठेवतो. शिवाय सगळ्या कॉम्प्युटरांचं गणित एक नाही. काही ब्यूलमान या स्विस संशोधकाच्या पद्धतीने चालतात, काही सूक्ष्म बुडबुडे धरून आकडेमोड करणाऱ्या आरजीबीएमने. एकाच डाइव्हला दोघं वेगवेगळे आकडे दाखवतात. माणूस एका गणिताशी जुळवून घेतो, त्याचा कडकपणा आणि ढिलाई त्याला कळू लागते. ते विक्रीसाठी बदलायचं, आणि वर त्याला सुरक्षितता म्हणायचं? ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

मास्क चेहऱ्याच्या हाडांवर बसतो, ब्रँडवर बसत नाही. त्यावर आणखी लिहायची गरज नाही.

पगाराचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपतो. दुकान पगार देतं तो शिकवण्याचा. छातीवर जाहिरात लावायची तर त्याचं वेगळं भाडं असतं, हे रस्त्यावरचे होर्डिंगवालेही जाणतात. इथे भाडं मिळणं दूरच, उलट इन्स्ट्रक्टरनेच ‘प्रोफेशनल सवलत’ नावाच्या कृपेने तो रेग्युलेटर विकत घ्यायचा, जो अनेकांच्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग असतो. आपल्याकडचा इन्स्ट्रक्टर हंगामी पाखरू. ऑक्टोबर ते मे स्वराजद्वीपला नाहीतर मालवणला, पावसाळ्यात बाली नाहीतर थायलंड. तीन दुकानं, तीन ब्रँड, तीन संच? कॅलिफोर्नियात कपड्यांच्या एका बड्या दुकानसाखळीने नोकरांना आपलेच कपडे विकत घेऊन घालायला लावले होते. 2003 साली तिला तडजोड करून पैसे मोजावे लागले. तिथे प्रश्न नुसत्या सदऱ्याचा होता.

काही जुने सोबती म्हणतील, हा पुन्हा आला वाद उकरायला. आलो. स्नॉर्कलच्या भांडणातही मी होतोच. विद्यार्थ्याच्या मास्कला स्नॉर्कल हवी, हे शिकवताना ठीक आहे. पण अनुभवी माणूस बोटीवरून उतरताना ती काढून ठेवतो, कारण प्रवाहात ती मास्क ओढते आणि दोरीत अडकते. तेव्हाही एका दुकानदाराने फतवा काढला होता, की इन्स्ट्रक्टरने ती कायम लावलीच पाहिजे. कारण म्हणे सुरक्षितता. पुढे कळलं, गोदामात दोन खोकी स्नॉर्कल पडून होत्या. तेव्हा जे लोक ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून माझ्यावर तुटून पडले, त्यांतले कित्येक आज स्नॉर्कल खिशात दुमडून ठेवतात. कुणी त्यांना काही विचारत नाही. असो. काळ्या वेटसूटवरून झालेल्या रणाबद्दल पुन्हा कधीतरी.

हा रोग आजचा नाही. आज जगभर पसरलेली प्रशिक्षणाची सर्वांत मोठी संस्था 1966 साली अमेरिकेत निघाली, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक जण डायव्हिंग सामग्रीचा विक्रेता होता. शिकवणं आणि विकणं हे या धंद्यात पहिल्यापासून एकाच छपराखाली नांदतात. कोर्स स्वस्तात द्यायचा, नफा सामग्रीवर काढायचा, ही जुनी रीत. तिला माझी ना नाही. दुकानं जगली पाहिजेत. ती बंद पडली तर टाक्या कोण भरणार?

म्हणूनच गृहस्थांचा पहिला मुद्दा मी शेवटी ठेवला. विद्यार्थी इन्स्ट्रक्टरचं बघून घेतो. अक्षरशः खरं, आणि तेवढ्यासाठीच सक्ती नको. नवशिक्याला पिस्टनचा रेग्युलेटर आणि डायाफ्रामचा रेग्युलेटर यांतला फरक कळत नाही. टाकीतली हवा कमी झाली की साधा पिस्टन ओढायला जड जातो, गाळाच्या पाण्यात बंदिस्त डायाफ्रामच्या आत रेती शिरत नाही, हे त्याला कसं माहीत असणार? त्याच्याकडे एकच पुरावा असतो: ज्याचा जीव रोज यावर टांगलेला आहे त्याने काय निवडलं? निवड सक्तीची झाली की तो पुरावा खोटा ठरतो. गृहस्थांना विद्यार्थ्याचा विश्वास हवा आहे, आणि तो विश्वास ज्या एका गोष्टीवर उभा आहे तीच ते काढून घेताहेत.

तारकर्ली-देवबागला जाऊन बघा. कोर्स न करता एक डुबकी मारायला आलेल्या पर्यटकाला पाठीमागून टाकीला धरून खाली नेणारी स्थानिक मुलं दुकानाचीच सामग्री घालतात, कारण त्यांच्याकडे स्वतःची नसतेच. तिथे ब्रँडचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की तो रेग्युलेटर शेवटचा कधी उघडून साफ केला, रबराची कडी कधी बदलली. बहुतेक कंपन्या वर्षाकाठी, नाहीतर ठरावीक डाइव्हनंतर, दुरुस्ती-तपासणी सांगतात. त्याबद्दल गृहस्थांचं फर्मान एक अक्षर बोलत नाही. दुकानाचं नाव दिसण्याची जेवढी चिंता, तेवढी आतल्या झडपेची असती तर मी त्यांचा चेला झालो असतो.

मग काय करावं? फार काही नाही. दुकानाचं नाव असलेला टी-शर्ट, रॅशगार्ड, टोपी दुकानाने फुकट द्यावी. ती मी आनंदाने घालेन, काठावर आणि बोटीवर मिरवेन. तलावात कौशल्यं दाखवताना विद्यार्थ्यांना जशी भाड्याची सामग्री दिली आहे तशीच रचना इन्स्ट्रक्टरनेही वापरावी, ही अट वाजवी आहे. ऑक्टोपस ठरलेल्या जागी असावा आणि प्रत्येकाने तपासणीची नोंद दाखवावी, ही सक्ती हवीच. ती माझ्यावरही हवी. रेग्युलेटर, बीसीडी, मास्क आणि कॉम्प्युटर ज्याचे त्याने निवडावे. दुकानाला आपला ब्रँड इन्स्ट्रक्टरच्या अंगावर हवाच असेल, तर संच द्यावा, सर्व्हिसिंगचा खर्च उचलावा, आणि सवयीसाठी विद्यार्थ्यांविना पुरेशा डाइव्ह करू द्याव्यात. एवढं करूनही तो इन्स्ट्रक्टरला नको वाटला, तर मालात काय कमी आहे ते दुकानाने त्यालाच विचारावं. आणि विकायचंच असेल तर गिऱ्हाइकाला तलावात दोन रेग्युलेटर आलटून-पालटून घालू द्या. चांगला माल स्वतःहून खपतो.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी पुढच्या हंगामात मालवणला, गोव्याला किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणीला कोर्स करायला जाणार असेल, तर खरेदीआधी इन्स्ट्रक्टरला एकटं गाठून एवढंच विचारा: हे दुकान सोडलंत तरी हाच रेग्युलेटर वापराल का? उत्तर देण्याआधी त्याने दाराकडे वळून बघितलं, तर पैसे खिशातच ठेवा.