टणक गोळीतली संथ हालचाल

पाण्यात नीट न विरघळणारी काही औषधे आता स्फटिकरूपाऐवजी काचेसारख्या विस्कळीत रूपात गोळीत भरतात. ती पोटात लवकर विरघळतात. पण साठवणीत रेणू सरकून पुन्हा स्फटिक बनले, तर औषधाचा गुण घटतो. ही हालचाल समजते अतिशीत, म्हणजे गोठणबिंदूखालीही न गोठलेल्या द्रवांवरून. त्यांतून विखुरलेला लेझरचा प्रकाश लुकलुकतो. रेणू मंदावले की लुकलुकणेही मंदावते. ग्लिसरीनच्या रेणूंना मांडणी बदलायला खोलीच्या तापमानात साधारण अब्जांश सेकंद लागतो. उणे 83 अंशांजवळ, काच होताना, मिनिटाहून अधिक. औषधी काचेत ओलावा शिरला की मंदावलेले रेणू पुन्हा वेग घेतात. म्हणून गोळी वरून टणक दिसली तरी पाकिटातून आधीच काढून दमट जागी ठेवू नये.