कपाटात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे



"आमच्या घरच्या सगळ्या सीडी मी अगदी सांभाळून ठेवल्यात." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, पंधरा-पंधरा वर्षं न उघडता पडलेल्या वस्तूला आपण सांभाळलेली म्हणतो. डब्यातल्या डाळीत जीव पडले नाहीत ना, हे आपण चार-चार दिवसांनी बघतो. पण सासूबाईंच्या वर्षीतपाच्या पारण्याची, लेकीच्या लग्नाची, पालिताण्याच्या यात्रेची डिस्क अजून चालते का, हे कुणी शेवटचं कधी बघितलं?

निगडी प्राधिकरणापासून चिंचवड स्टेशनपर्यंत आपल्या घराघरांत ही पिशवी आहे. आधी व्हीएचएस कॅसेट होत्या. मग स्टुडिओवाल्यानं त्यांच्या व्हीसीडी करून दिल्या, एका लग्नाच्या तीन-तीन, कारण एकीवर सव्वा तासाच्या आसपासच मावायचं. नंतर डीव्हीडी आल्या. त्यानंतर मोबाइल आला आणि मधली सगळी वर्षं त्या पिशवीत अडकून पडली.

डिस्क कायमची असते, हा पहिला गैरसमज. सिनेमाची विकत आणलेली डिस्क साच्यातून छापलेली असते. आपल्या घरची 'राइट' केलेली असते, म्हणजे तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसरनं त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग उडतो. आपल्याकडचा पावसाळा काही कपाट बघून आत शिरत नाही. शिवाय सीडीत हा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी लगत असतो. तिथे आपण बॉलपेननं दाबून नाव लिहिलं, कागदी लेबलं चिकटवली. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून जरा बरा, पण अमर तोही नाही.

आणि डिस्क टिकली तरी लावणार कशात? नव्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नसतो. जिच्या कोऱ्या डिस्क घरोघरी होत्या, त्या मोझर बेअर कंपनीचीच २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली विक्री काढायचा आदेश निघाला. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनी शेवटपर्यंत टिकली होती, तिनंही २०१६ मध्ये ते काम थांबवलं. वस्तू आणि तिचं यंत्र दोन्ही एकदमच म्हातारी होत आहेत.

आता आपल्या धर्माकडे बघा. वस्तू नाशवंत आहे हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आगम मुखोद्गत होते, दुष्काळांत मुनी कमी होत गेले, विस्मरण होऊ लागलं. तेव्हा वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली ते लिहून घेतले गेले. दिगंबर परंपरेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ज्ञान दिलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. त्याचीच श्रुतपंचमी आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला करतो. दोन्हीकडे निर्णय एकच झाला: जुनं साधन पुरत नसेल तर नव्या साधनावर उतरवा. त्या काळी ताडपत्र हेच नवं साधन होतं.

पण ताडपत्रही झिजतं. ग्रंथ आपल्यापर्यंत पोचले ते प्रती काढणाऱ्यांमुळे, आणि त्यात बायका मागे नव्हत्या. कर्नाटकात दहाव्या शतकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती लिहवून वाटल्या. एक सुंदर प्रत करून तिजोरीत ठेवली नाही! आणि धवला ग्रंथाची गोष्ट तर अजून बोलकी. त्याची ताडपत्रं फक्त मूडबिद्रीला होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली तेव्हा त्यांच्या प्रती निघू लागल्या. ते काम करणारे गजपती उपाध्याय यांनी गुपचूप आणखी एक प्रत करून घेतली, आणि त्यात मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ पासून धवला छापायला घेतली, ती अशा प्रतींच्या प्रतींवरूनच. नुसतं कुलूप लावून राहिलं असतं तर आज आपल्या हाती काय असतं?

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: "हा सगळा मोह आहे. अपरिग्रह कुठे गेला?" मी विचारते, चाळीस डिस्क, एक बंद पडलेला प्लेअर आणि वायरींचं भेंडोळं हा परिग्रह नाही का? प्रती केल्या तर ते सगळं तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये मावतं. सोडायचंच असेल तर समजून-उमजून सोडा, हात जोडून वोसिरावा. न बघता कुजू देण्याला त्याग म्हणत नाहीत, प्रमाद म्हणतात. आणि प्रमादाबद्दल प्रभूंनी गौतमस्वामींना किती वेळा सावध केलं, हे उत्तराध्ययनाचं दहावं अध्ययन ऐकलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

दुसरं: "मुलगा सुट्टीत आला की करेल." किती सुट्ट्या गेल्या? चाकणच्या कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारा मुलगा रविवारी झोपणार नाही तर काय करणार!

तिसरं: "दुकानात देऊ." आमच्या नात्यातल्या एकीनं दिल्या. तीन तासांच्या लग्नाची चाळीस मिनिटं परत आली, कोपऱ्यात दुकानाचं नाव फिरतंय, आणि वर "डिस्कच खराब होती" हे ऐकवलं. तीच डिस्क आमच्याकडे शेवटपर्यंत चालली. कॅसेटसाठी व्हीसीआर लागतो म्हणून दुकान गाठावं लागतं, ते ठीक. पण डिस्कसाठी कशाला? घरच्या लेकीसुनांचं चित्रण कुणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पडून राहावं, हे मला तरी पटत नाही.

काम आपल्याला जमणारं आहे. यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. एका साध्या साडीच्या किमतीत येतो. डिस्क मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आधी अख्खी डिस्क जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवा. डीव्हीडीत 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर असतं, व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही'. त्या मूळ फाइल मोबाइल बहुधा उघडत नाही, म्हणून डीव्हीडीसाठी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, 'फास्ट ५७६पी२५' निवडा आणि एमपी४ फाइल करून घ्या. हलणाऱ्या हातांभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर 'डीकोम्ब' चालू आहे ना ते बघा. व्हीसीडीच्या फाइलला व्हीएलसीमधला 'कन्व्हर्ट / सेव्ह' पर्याय आहे. एचडी करण्याचा हट्ट धरू नका. व्हीसीडीचं चित्रच ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं; दुधात पाणी घालून दूध वाढत नाही.

मग ताळा घ्या. मी बी.कॉम. झाले तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की आहे, ताळा जुळल्याशिवाय वही मिटायची नाही. फाइलची सुरुवात, मध्य आणि शेवट बघा, आवाज ऐका, वेळ मूळ डिस्कइतकी आहे का पडताळा. नाव 'व्हिडिओ १' असं ठेवू नका. वर्ष, प्रसंग, गाव लिहा. एक प्रत घरात, दुसरी दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी असू द्या. फक्त मोबाइलमध्ये ठेवली तर कपाट बदललं, इतकंच. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की चित्र चेपून टाकतात. मूळ डिस्क लगेच फेकू नका, आणि कधी काढल्याच तर जाळू नका, ई-कचऱ्यात द्या.

एक मर्यादाही पाळा. अनेक साधू-साध्वीजी कॅमेऱ्याला परवानगी देत नाहीत. असं चित्रण हाती लागलं तर फिरवू नका. सुनेच्या लग्नाची फाइल तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायची नाही.

आणि प्रत काढाल तेव्हा पहिली कुणाला द्याल? माहेरची डिस्क भावाच्या घरी राहते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे! आईचा नवकार म्हणतानाचा आवाज त्या एकाच डिस्कमध्ये असतो आणि लेक दुसऱ्या गावी. वस्तू एक असली की ती कुणाची हा प्रश्न येतो, मागायचा संकोच येतो, वहिनीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं येतं. प्रतीला असली वाटणी लागत नाही. दिल्यानं ती कमी होत नाही, अगदी ज्ञानासारखी. म्हणून ज्यांच्याकडे पिशवी आहे त्या वहिनींना माझं सांगणं, नणंदेनं मागायची वाट बघू नका.

ज्ञानपंचमीला भांडारातल्या पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या कापडात बांधायची आपली रीत आहे. पण घरच्या पिशवीसाठी त्या दिवसाची वाट बघत बसू नका. आज दुपारी ती काढा, आणि सगळ्यात जुनी डिस्क आधी लावा.

जय जिनेंद्र.